कितोजवळची ढगातली जंगलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इक्वेडोरहून परतल्यापासून पक्षी पाहणारे मित्र, ट्रेकचे जुने सोबती आणि त्यांच्या ओळखीतून आलेले कितीतरी जण मला तेच तेच प्रश्न विचारत असतात. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. राजधानीचं नाव नकाशावर बहुतेक ‘क्विटो’ असं दिसेल. तिथले लोक ‘कितो’ म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिलं आहे.

क्लाउड फॉरेस्ट म्हणजे नेमकं काय? धुकं तर आंबोलीलाही असतं.

असतं, आणि घडतंही तसंच. समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला अडते, वर चढते, गार होते आणि तिचा ढग बनतो. आपल्याकडे अरबी समुद्र आणि सह्याद्री, तिथे पॅसिफिक आणि अँडीज. फरक काळाचा आहे. आपला ढग पावसाळ्यापुरता डोंगरावर मुक्कामाला येतो, अँडीजच्या पश्चिम उतारावर तो जवळजवळ रोज, वर्षभर येतो. त्यामुळे तिथल्या झाडांना पाणी फक्त पावसातून मिळत नाही. पानं, शेवाळ, फांद्यांवर लोंबणारी दगडफुलं ढगालाच गाळून घेतात आणि पाऊस नसतानाही जंगलात टपटप चालू राहते.

याचा परिणाम डोळ्यांना लगेच दिसतो. झाडाची साल कुठे उघडी दिसतच नाही. एकेका फांदीवर शेवाळाची जाड गादी, त्यात नेचे, त्यावर ऑर्किड, मध्येच अननसाच्या कुळातली ब्रोमेलियाड. या ब्रोमेलियाडच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठतं आणि त्या वाटीभर पाण्यात किडे, अळ्या, कधी बेडकंही राहतात. जमिनीला न टेकलेली ही तळी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी अर्धा तास एका झाडापाशीच उभी होते. इक्वेडोरमध्ये ऑर्किडच्या चार हजारांहून जास्त जाती आहेत. त्यातल्या कित्येक नखाएवढ्या फुलांच्या, म्हणून भिंग जवळ ठेवाच.

जंगलं इतरत्रही आहेत. मग कितोच का?

कारण शहरातून निघून दोन तासांत तुम्ही त्यात असता. कितो २,८५० मीटरवर आहे, पिचिंचा ज्वालामुखीच्या पायथ्याशी. शहराच्या वायव्येला डोंगर ओलांडला की उतार सुरू होतो आणि तो थेट पॅसिफिककडच्या सखल भागापर्यंत जातो. या उतारावरच्या मोठ्या पट्ट्याला, सुमारे २ लाख ८६ हजार हेक्टरला, २०१८ साली युनेस्कोने ‘चोको आंदिनो दे पिचिंचा’ नावाने जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. त्यात लोक राहतात, शेती करतात, गुरं पाळतात. तारेच्या कुंपणाआडचं अभयारण्य अशी कल्पना करून जाऊ नका.

किती दिवस लागतात? कुठली ठिकाणं घ्यावीत?

माझा आग्रह एकच: ठिकाणांची यादी करू नका, उंचीची करा. या उतारावर पाचशे मीटर खाली आलात की जवळजवळ सगळेच चेहरे बदलतात. पक्षी वेगळे, झाडं वेगळी, बेडकांचे आवाजही वेगळे. एकाच उंचीवरच्या तीन रिझर्व्हमध्ये धावाधाव करण्यापेक्षा तीन उंचींवर एकेक ठिकाण निवांत पाहिलेलं कधीही चांगलं.

सगळ्यात वर यानाकोचा. पिचिंचाच्या उतारावर, तीन हजार मीटरच्याही वर, खोकोतोको नावाच्या संस्थेने राखलेलं. इथे थंडी वाजते. मग तांदायापाचं खोरं आणि बेयाविस्ता, साधारण दोन हजार मीटरच्या आगेमागे. अस्सल ढगातलं जंगल हेच. त्याखाली मिंदो, साडेबाराशे मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडंसं खालीच. आणखी खाली हजार मीटरच्या आसपास मिल्पे आणि माश्पी, जिथे उष्ण प्रदेशातल्या जाती भेटू लागतात.

पाच रात्री असतील तर बेयाविस्ता किंवा तांदायापाला दोन, मिंदोला तीन. यानाकोचा कितोहून जाता-येता करता येतं. माश्पीचं लॉज फार महाग आहे, पण त्याची गोष्ट मला आवडते: लाकूडतोडीखाली असलेली जमीन कितोचे माजी महापौर रोके सेविया यांनी विकत घेतली आणि तिथली तोड थांबवली.

कोणत्या महिन्यात जावं?

जून ते सप्टेंबर त्यातल्या त्यात कोरडे. साधारण जानेवारी ते मे पाऊस जास्त, आणि तेव्हा रस्त्यावर दरडी कोसळतात. तिथे दरडीला ‘देरुंबे’ म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, ड्रायव्हरच्या तोंडी ऐकू येतो. महिन्यापेक्षा दिवसाची वेळ महत्त्वाची. सकाळ बहुधा मोकळी असते, दुपारनंतर ढग वर सरकतो. विषुववृत्त जवळ असल्यामुळे वर्षभर सहाच्या सुमारास उजाडतं आणि सहाच्याच सुमारास अंधारतं.

कितोहून मिंदोला कसं जायचं?

उत्तर कितोतल्या ला ओफेलिया स्थानकावरून ‘फ्लोर देल वाये’च्या थेट बस आहेत. दिवसाला मोजक्याच, शनिवार-रविवारी गर्दी. त्यामुळे परतीचं तिकीट पोहोचल्यावर लगेच काढा. रस्ता ‘मिताद देल मुंदो’ या विषुववृत्ताच्या स्मारकाजवळून कालाकालीमार्गे जातो.

गाडी आणि ड्रायव्हर परवडत असेल तर जाताना नोनो आणि तांदायापावरून जाणारा जुना कच्चा रस्ता घ्या. त्याला ‘पासेओ देल किंदे’ म्हणतात. किंदे हा किचवा भाषेतला हमिंगबर्डसाठीचा शब्द. या रस्त्याला वेळ दुप्पट लागतो, वाहनं फारशी नसतात, आणि गाडी कुठेही थांबवून उतरता येतं. माझ्या सहलीतली सर्वांत चांगली सकाळ याच रस्त्यावर गेली.

हमिंगबर्ड खरंच इतके दिसतात का?

हो. हे पक्षी फक्त अमेरिका खंडांत आहेत, आपल्याकडचा शिंजीर दिसायला जवळचा वाटला तरी त्याचं कूळ वेगळं. इक्वेडोरमध्ये त्यांच्या १३०च्या आसपास जाती आहेत आणि या उतारावरच्या लॉजच्या ओसरीत साखरपाण्याच्या बाटल्यांभोवती एका वेळी आठ-दहा जाती घोंघावताना दिसणं ही रोजची गोष्ट आहे. पंखांचा वारा गालाला लागतो.

तीन नावं सांगते. पहिला ‘बूटेड रॅकेट-टेल’: अंगठ्याएवढा जीव, पायांत पांढऱ्या लोकरीचे मोजे घातल्यासारखी पिसं आणि शेपटीच्या टोकाला आपल्या भृंगराजासारख्या दोन चकत्या. दुसरा ‘व्हायोलेट-टेल्ड सिल्फ’, ज्याची जांभळी-निळी शेपटी शरीराहून लांब असते. तिसरा यानाकोचाचा ‘सोर्ड-बिल्ड’. शेपटी सोडली तर याची चोच त्याच्या अंगापेक्षा लांब. लांब नळीच्या फुलांतला मध फक्त त्यालाच पोहोचतो, त्यात धोतऱ्याच्या कुळातली ती लटकणारी मोठी फुलंही आली. एवढ्या चोचीने अंगावरची पिसं साफ करता येत नाहीत, म्हणून तो पायाने खाजवतो.

पिचिंचाच्या उतारावर ‘ब्लॅक-ब्रेस्टेड पफलेग’ हाही आहे, नामशेष होण्याच्या धोक्यातला, जगात मोजकेच उरलेले. कितो शहराने त्याला आपला मानाचा पक्षी ठरवलं आहे. तो दिसेलच असं धरून जाऊ नका.

बाकी पक्षी?

मिश्र थव्यांची वाट पाहा. बराच वेळ जंगल सुनं असतं आणि अचानक एका झाडावर वीस-तीस पक्षी एकत्र येतात, बहुतेक टॅनेजर: सोनेरी, निळे, पाचूसारखे हिरवे. पाच मिनिटांत थवा पुढे जातो. अशा वेळी प्रत्येकाचं नाव शोधायला पुस्तक उघडलंत तर सगळेच हुकतील. एकच पक्षी निवडा आणि तोच पाहा. ‘प्लेट-बिल्ड माउंटन टुकान’ इक्वेडोर आणि दक्षिण कोलंबियाच्या याच पश्चिम उतारावर सापडतो. चोचीच्या बाजूला पिवळा पत्रा चिकटवल्यासारखा दिसतो. ‘टुकान बार्बेट’ आपल्या तांबटाचा दूरचा नातलग. जोडीने गातो आणि आवाज खोऱ्यात दूरवर जातो.

कॉक-ऑफ-द-रॉक पाहायला पहाटे चारला उठावंच लागतं का?

लागतं. या पक्ष्याचे नर पहाटे एका ठरलेल्या जागी जमतात, ओरडतात, झुकतात, पंख फडफडवतात, माद्या येऊन निवड करतात आणि पुरतं उजाडेपर्यंत सगळं आटोपत आलेलं असतं. अँडीजच्या या बाजूच्या नरांचा रंग पूर्वेकडच्यांपेक्षा गडद, रक्तासारखा लाल आहे. अंधारात आधी फक्त आवाज येतात, डुकरं गुरगुरावीत तसे. मग हळूहळू पानांत लाल ठिपके उमटू लागतात.

‘मारिया’ नावाच्या पक्ष्याची गोष्ट खरी आहे का?

अगदी खरी. अँटपिटा हे जमिनीवर वावरणारे, गोल अंगाचे, उंच पायांचे लाजाळू पक्षी. तिथे त्यांना ‘ग्रालारिया’ म्हणतात. आवाज सगळीकडे, दर्शन कुठेच नाही, अशी त्यांची ख्याती होती. आन्हेल पास हा मिंदोजवळचा शेतकरी. जंगल तोडून शेती वाढवणाऱ्यांतलाच एक. त्याच्या जमिनीवर कॉक-ऑफ-द-रॉक जमतात हे कळल्यावर तो लोकांना ते दाखवू लागला. वाटेवर त्याला जायंट अँटपिटा दिसली. त्याने तिला गांडुळं देऊन पाहिलं आणि धीराने, दिवसामागून दिवस प्रयत्न करत तिला विश्वासात घेतलं. तिचं नाव त्याने मारिया ठेवलं. पुढे इतर जातींचे अँटपिटाही त्याच्या हाकेला येऊ लागले, आणि आज त्याचं कुटुंब जंगल राखून जगतं.

खाऊ घालून पक्षी बोलावणं योग्य का, हा वाद आहे आणि तो रास्त आहे. माझं मत असं की तिथे झाडं उभी आहेत ती त्या गांडुळांमुळे. पण मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला पुन्हा पुन्हा बाहेर काढणं मला मान्य नाही. वीण चालू असताना त्याचा वेळ आणि ताकद दोन्ही वाया जातात. गाईडला आधीच सांगा.

अस्वल दिसेल का? आणि ऑलिंगितो?

चष्मेवालं अस्वल, दक्षिण अमेरिकेतलं एकमेव अस्वल, या जंगलात आहे. माकिपुकुना रिझर्व्हमध्ये रानटी अवोकाडोची फळं पिकली की अस्वलं खाली उतरतात. तो हंगाम दरवर्षी पुढेमागे होतो, म्हणून आधी लिहून विचारा. एरवी अस्वलाच्या आशेवर सहल बेतू नका. प्यूमा आणि ऑसेलॉट ही मांजरकुळातली जनावरंही आहेत, पण बहुधा फक्त ट्रॅप कॅमेऱ्यात.

ऑलिंगितोची शक्यता अधिक. रात्री झाडांवर फिरणारा, किलोभर वजनाचा, तांबूस केसाळ प्राणी. शास्त्रज्ञांनी त्याचं वेगळी जात म्हणून वर्णन केलं ते २०१३ साली. मांसभक्षी गणातली नवी जात अमेरिका खंडांत पस्तीस वर्षांत सापडली नव्हती. विशेष म्हणजे त्याचे नमुने संग्रहालयांत कित्येक दशकं दुसऱ्याच नावाच्या चिठ्ठीखाली पडून होते. एक मादी तर अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत फिरवली गेली आणि तिचं कुणाशी जमत का नाही हे कुणाला उमगत नव्हतं, कारण जोडीदार म्हणून आणलेले प्राणी वेगळ्याच जातीचे होते. शास्त्रीय नावात ‘नेब्लिना’ आहे, स्पॅनिशमध्ये धुकं. बेयाविस्ताला रात्री ठेवलेल्या केळ्यांवर तो येतो. मला दुसऱ्या रात्री दिसला, दहा मिनिटं.

रात्री जंगलात जाणं सुरक्षित आहे का?

गाईडबरोबर, गमबूट घालून, जरूर जा. सकाळच्या जंगलाशी त्याचं काही नातं नसल्यासारखं वाटतं. काचबेडूक पानाच्या खालच्या बाजूला बसतात. पोटाची कातडी इतकी पारदर्शक की काही जातींत हृदय धडधडताना दिसतं. माश्पीच्या नावाचा एक काचबेडूक २०२२ मध्ये विज्ञानाला नव्याने कळला. लास ग्रालारियास रिझर्व्हमध्ये सापडलेला, २०१५ साली नोंदला गेलेला एक इवलासा बेडूक तर कातडीचा पोतच बदलतो. शेवाळावर काटेरी दिसतो, हातात घेऊन गुळगुळीत पांढऱ्या पृष्ठभागावर ठेवला की काही मिनिटांत काटे गायब. बेडूक हाताळू नका, आपल्या हाताचं मलम त्यांच्या कातडीतून आत जातं.

पिनोकिओ सरडाही रात्रीच शोधायचा. नराच्या नाकावर लांब मऊ शिंग असतं. अनेक दशकं तो कुणाला दिसलाच नव्हता, मग मिंदोजवळ पुन्हा सापडला. रात्री फांदीच्या टोकाला झोपतो तेव्हा बॅटरीच्या उजेडात फिकट दिसतो.

जळवा, साप, डास?

सह्याद्रीत पावसाळ्यात भटकलेल्यांचा पहिला प्रश्न हाच. मला तिथे एकही जळू लागली नाही. विषारी साप आहेत, विशेषतः खालच्या उंचीवर, म्हणून हात टेकण्याआधी पाहायचं. मिंदोत बारीक काळ्या माश्या चावतात आणि खाज दोन दिवस टिकते. पूर्ण बाह्या.

विरळ हवेचा त्रास होतो का?

कितोत उतरल्यावर पहिल्या दिवशी डोकं दुखणं, धाप लागणं साहजिक आहे. तुम्ही कळसूबाईच्याही बाराशे मीटर वर असता. पाणी प्या, हळू चाला, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. ज्यांना फार त्रास होतो त्यांनी थेट मिंदोला उतरावं आणि यानाकोचा शेवटच्या दिवसासाठी ठेवावं.

व्हिसा आणि लसी?

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. दिल्लीत इक्वेडोरचा दूतावास आहे, नियम बदलतात, तिकीट काढण्याआधी तिथे विचारा. भारतातून थेट विमान नाही, त्यामुळे वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही पाहा.

आणि हे ठळक वाचा: पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या आणि पिवळं कार्ड जपा. इक्वेडोर पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे. तिथून भारतात परतताना हे प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. अमेरिकेत राहणारे आपले लोक जाताना याचा विचार करत नाहीत, पण तिथून पुढे लगेच मुंबईला येणार असाल तर तुम्हालाही लागू आहे.

शाकाहारी माणसाचं काय होतं?

उपाशी राहत नाही. ‘लोक्रो दे पापा’ हे बटाटा-चीजचं घट्ट सूप, वर अवोकाडो. ‘यापिंगाचो’ म्हणजे चीज भरलेले बटाट्याचे पॅटिस, दाण्याच्या सॉसबरोबर. ‘उमिता’ म्हणजे कोवळ्या मक्याचं वाटण पानात गुंडाळून वाफवलेलं, पानगी आठवते. ‘मेनेस्त्रा’ म्हणजे मसूर किंवा घेवड्याची दाट उसळ, भाताबरोबर. कच्च्या केळ्याचे ‘पाताकोनेस’ सगळीकडे. तिखट हवं तर ‘आही’ मागा.

फक्त ‘शाकाहारी’ म्हणू नका, कोंबडीला बरेच जण मांस मानत नाहीत. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असं मोजून सांगा, आणि सूप कोंबडीच्या पाण्यात केलंय का तेही विचारा.

आई-बाबांना नेता येईल का?

नक्की. लॉजच्या ओसरीत खुर्चीवर बसून जेवढं दिसतं तेवढं दुसरीकडे दिवसभर चालूनही दिसत नाही. घसरड्या वाटा आणि धबधब्याच्या पायऱ्या टाळा. मिंदोत नदीवरून दरीपार नेणारा ‘ताराबिता’ नावाचा पाळणा आहे, उंचीची भीती नसेल तर त्यांनाही आवडेल.

देश सुरक्षित आहे का?

जानेवारी २०२४ मध्ये टोळ्यांच्या हिंसेमुळे सरकारने देशात अंतर्गत सशस्त्र संघर्ष जाहीर केला, हे खरं आहे. हिंसा मुख्यतः किनारपट्टीवरच्या शहरांत आहे. मिंदोसारखी गावं शांत आहेत, कितोत रात्री पायी भटकू नये. भारत सरकारची सूचना निघण्याच्या आठवड्यात वाचा.

पैसे आणि सामान?

चलन अमेरिकी डॉलर, सन २००० पासून. सुट्ट्या नोटा ठेवा, पन्नास-शंभरची नोट गावात कुणी घेत नाही. वीज १२० व्होल्ट, दोन चपट्या पिनांचा प्लग. ८×४२ दुर्बीण, पोंचो, कॅमेऱ्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. गमबूट बहुतेक लॉज देतात, मोठं माप असेल तर आधी कळवा. कपडे वाळत नाहीत, हे गृहीत धरून मोजे जास्त घ्या.

या जंगलात पूर्वी कोण राहत होतं?

युंबो लोक, इंकांच्याही आधीपासून. किनारा आणि पठार यांच्यातला व्यापार त्यांच्या हाती होता, आपल्या नाणेघाटासारखाच. फक्त इथल्या वाटा दगडात कोरलेल्या नाहीत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी मातीत खोल चर पडले आहेत. त्यांना ‘कुलुंको’ म्हणतात आणि काहींतून आजही चालता येतं. तुलिपे गावात त्यांची दगडी बांधणीची, जमिनीत उतरलेली कुंडं आणि छोटं संग्रहालय आहे. पर्यटक फारसे फिरकत नाहीत. तुम्ही जा.

हे जंगल टिकेल का?

मला या प्रश्नाची सर्वांत जास्त काळजी आहे. गुरांसाठी तोड, लाकूड आणि खाणी, तिन्ही धोके आहेत. २००१ नंतर जड कच्च्या तेलाची वाहिनी मिंदोच्या जंगलातून नेली गेली तेव्हा आंदोलक झाडांवर मचाणं बांधून बसले होते. वाहिनी झालीच. पण त्यानंतर बरंच घडलं. २००८च्या राज्यघटनेत इक्वेडोरने निसर्गालाच हक्क दिले, असं करणारा तो जगातला पहिला देश. २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने याच हक्कांच्या आधारे, उत्तरेकडच्या लोस सेद्रोस जंगलातल्या खाणकामाला मनाई केली. आणि २० ऑगस्ट २०२३ रोजी कितोच्या मतदारांनी चोको आंदिनोमध्ये धातूंच्या खाणी नकोत असा कौल सुमारे ६८ टक्के मतांनी दिला. शहरातल्या लाखो लोकांनी, ज्यातल्या कित्येकांनी ते जंगल कदाचित पाहिलंही नसेल, डोंगरापलीकडच्या झाडांसाठी मत दिलं. बेकायदा खाणकामाची भीती तरीही संपलेली नाही.

पाहुणा म्हणून करण्यासारखं सरळ आहे: मुक्काम जंगल राखणाऱ्यांकडे, गाईड गावातला, आणि त्याचे पैसे घासाघीस न करता.

एकच दिवस हाताशी असेल तर?

चारच्या सुमारास कितोहून गाडीने निघा. सहाच्या आत आन्हेल पासच्या जागेवर पोहोचा. आधी कॉक-ऑफ-द-रॉक, मग अँटपिटा, मग तिथेच न्याहारी. दहाच्या सुमारास निघून तांदायापाच्या खोऱ्यात कुठल्याही ओसरीत दोन तास बसा. परतताना हमरस्ता सोडून नोनोचा जुना रस्ता धरा. दुपारी ढग वर चढत असतो आणि तुम्हीही. एका वळणावर तो तुम्हाला गाठेल, तिथे गाडी बंद करून थोडा वेळ थांबा.